नागपूरला जा, पण स्वतःच्या नावाने जा

भाऊ, तुमची पोस्ट काल रात्री दोनदा वाचली. तालुक्याला एचआयव्हीची तपासणी झाली, रिपोर्ट पॉझिटिव्ह आला आणि तिथली नर्स तुमच्याच गावच्या सुनेची सख्खी बहीण निघाली. म्हणून आता नागपूरला दुसरं नाव, दुसरा पत्ता सांगून फाइल काढायची आणि संक्रांतीनंतर तेलंगणात मिरची तोडायला निघायचं, असा तुमचा विचार आहे. पुरुषावर जीव जडणाऱ्या आपल्यासारख्यांना गावात एक गोष्ट आधीच झाकून ठेवावी लागते, त्यात ही दुसरी. २०१३ साली मीही असंच खोटं नाव सांगितलं होतं, आणि पुढे मिरची तोडायलाही गेलो होतो. म्हणून लिहितोय.

मी डॉक्टर नाही. गोळी ठरल्या वेळेला, कंडोम, हे सगळं समुपदेशकाने सांगितलंच असेल, ते पुन्हा सांगत बसत नाही.

मी चंद्रपूर जिल्ह्यातल्या धानाच्या पट्ट्यातला. नागपूरच्या एआरटी केंद्रात, म्हणजे एचआयव्हीच्या गोळ्या मिळतात तिथे, मी मामेभावाचं नाव सांगितलं, पत्ता बुटीबोरीचा दिला आणि मोबाईल नंबरचे शेवटचे दोन आकडे उलटे लिहिले. बाहेर आलो तेव्हा छाती हलकी झाली होती. आता आपल्याला कोणी शोधू शकत नाही, असं वाटलं.

तीन वर्षं बरी गेली. २०१६ च्या जानेवारीत धानाचं चुरणं आटोपून टोळीबरोबर खम्ममकडे गेलो. खिशात एका महिन्याच्या गोळ्या. केंद्राने दिलेली उपचाराच्या नोंदींची हिरवी पुस्तिका प्लास्टिकमध्ये गुंडाळून घरी धानाच्या ढोलीत लपवलेली. फेब्रुवारीत गोळ्या संपल्या. मुकादम हिशेब केल्याशिवाय सोडेना, मजुरी अर्धी मिरचीतच मिळणार होती. तिथल्या सरकारी दवाखान्यात जावं तर हातात कागद नाही, आणि कोणत्या नावाने जावं हेही कळेना. दोन महिन्यांहून जास्त दिवस गोळीविना काढले. एप्रिलात परतलो तेव्हा मानेवर लिंबाएवढी गाठ होती आणि वजन ४१ किलो. टीबी निघाला. सहा महिने त्याच्या गोळ्या खाल्ल्या.

मला सगळ्यात जास्त लागलं ते पुढचं. पुन्हा नागपूरला गेलो तेव्हा समुपदेशक ताईंनी रजिस्टर उघडून दाखवलं. माझ्या त्या खोट्या नावापुढे तीन तारखा होत्या आणि तिन्हींपुढे शेरा होता, ‘नंबर चुकीचा’. बुटीबोरीला माणूसही पाठवला होता त्यांनी. कुणीतरी मला खरोखर शोधत होतं आणि मी ती वाट स्वतःच्या हाताने बुजवली होती. ताई रागावल्या नाहीत. “आता तरी खरं नाव सांगता का भाऊ,” एवढंच म्हणाल्या.

नावाचा घोळ तिथेच संपला नाही. संजय गांधी निराधार योजनेत आपल्या आजारासाठीही महिन्याचं अनुदान आहे, आता १५०० रुपये. माझा दाखला मामेभावाच्या नावाने, रेशनकार्ड माझ्या. एका कार्यालयात (कोणतं ते लिहीत नाही) सात चकरा मारल्या. सातव्या चकरेला तिथल्या बाबूने खुर्चीतूनच आवाज दिला, “तो एड्सवाला कोण आहे, त्याला बोलवा.” व्हरांड्यात वीसेक माणसं होती. मी उठलोच नाही, तसाच बसस्टँडवर गेलो. ते अनुदान मी पुढे तीन वर्षं मागितलं नाही. आजही ते आठवलं की हात थरथरतो. अशा माणसांमुळेच लोक खोटी नावं सांगतात, हे त्या खुर्चीवरच्यांना कोणी सांगावं?

आज निदान कायदा तरी आहे. एचआयव्ही-एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ ला लागू झाला. आपल्या संमतीविना आपला आजार दुसऱ्याला सांगायला त्यात बंदी आहे, ती त्या नर्सलाही लागू आहे. त्याच्या चारच दिवस आधी, ६ सप्टेंबरला, कलम ३७७ चा निकाल लागला होता, आपल्यासारख्यांचे संबंध गुन्हा नाहीत असा. पण कायद्याने गावाचं तोंड शिवलं जात नाही, हे मलाही माहीत आहे. म्हणून तालुक्याला नको वाटत असेल तर खुशाल नागपूरला जा. फक्त नाव आणि नंबर स्वतःचा द्या. समुपदेशकाला पहिल्याच दिवशी सांगा की घरी येऊ नका, फोन अमुक वेळेलाच करा आणि फोनवर असंच बोला. माझ्या ताई ‘कृषी केंद्रातून बोलतेय, बियाणं आलंय’ म्हणतात. आई शेजारी बसलेली असली तरी काही बिघडत नाही.

मिरचीबद्दल माझं मत कडक आहे, पटलं नाही तर सोडून द्या. यंदा जाऊ नका. तब्येत स्थिरावलेल्यांना दोन-तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम मिळतात, नव्या माणसाला सुरुवातीला दर महिन्याला बोलावतात. टीबीची तपासणी, सहा महिन्यांनी व्हायरल लोड, म्हणजे रक्तात विषाणू किती आहे त्याची तपासणी, हे सगळं याच काळात होतं. पोटासाठी जावंच लागलं तर आधी केंद्रात सांगून जा आणि हिरवी पुस्तिका सोबत घ्या. ती दाखवली की प्रवासातला रुग्ण म्हणून दुसऱ्या राज्यातल्या एआरटी केंद्रातूनही गोळ्या मिळतात. पुस्तिकेच्या पानांचे फोटो काढून ठेवा. अडलं तर एड्स हेल्पलाइनचा १०९७ हा नंबर मोफत आहे.

संबंध पुरुषांशी आहेत हेही ताईंना सांगा. मी दोन वर्षं लपवलं, म्हणून माझी गुप्तरोगाची तपासणी अर्धवटच होत राहिली.

घरचे लग्नाचं बघताहेत असंही तुम्ही शेवटी लिहिलंय. माझा व्हायरल लोड आज सापडत नाही, म्हणजे संबंधातून माझ्याकडून कुणाला लागण होत नाही. तरीही एखाद्या पोरीला अंधारात ठेवून बोहल्यावर चढणं मला पटत नाही, दोन्ही कारणांनी.

एसटीच्या साध्या बसमध्ये आपल्याला सवलत आहे, पण कंडक्टरला कार्ड दाखवावं लागतं. मी ती कधी घेतली नाही, तुमचं तुम्ही ठरवा. आणि गोळ्यांची डबी पिशवीत खुळखुळते, बसमध्ये शेजारचा विचारतो. आत कोरड्या कापसाचा बोळा घाला, आवाज येत नाही.