वाचकांचे प्रश्न : इंग्लंडमधले जुने पब का बदलले?

प्रश्न : माझी मुलगी आणि जावई उत्तर इंग्लंडमधल्या एका लहान गावात राहतात. तिथला एकुलता एक पब बंद होणार असे कळताच गावकऱ्यांनी सभा घेतली आणि तो विकत घेण्यासाठी भागभांडवल जमवायला सुरुवात केली. जावईही त्यात पैसे गुंतवण्याच्या विचारात आहेत. आमच्या गावात बायकांनी कितीतरी महिने झगडून मतदान घडवून आणले आणि दारूचे दुकान बंद केले, त्यामुळे मला या गोष्टीचे फार आश्चर्य वाटते. दारूचे दुकान वाचवण्यासाठी माणसे पदरचे पैसे का घालतात? आणि हे जुने पब बंद तरी का पडत आहेत? (एक वाचक, सांगली जिल्हा)

उत्तर : तुमच्या गावातल्या बायकांनी जे केले ते योग्यच केले, आणि तुमच्या जावयाच्या गावातले लोक करीत आहेत तेही समजण्यासारखे आहे, कारण या दोन ठिकाणी पणाला लागलेली गोष्ट एकच नाही. आपल्याकडे उभी बाटली की आडवी बाटली असे मतदान होते तेव्हा बायकांच्या डोळ्यांसमोर घरातली मारहाण आणि मजुरीच्या दिवशीच रिकामा होणारा खिसा असतो. ब्रिटनलाही हा अनुभव होताच. स्कॉटलंडमध्ये १९१३ च्या कायद्याने स्थानिक मतदारांना आपल्या भागातले दारूचे परवाने बंद करण्याचा अधिकार मिळाला, आणि उत्तर टोकाला असलेले विक हे हेरिंग मासळीचे बंदर १९२२ पासून १९४७ पर्यंत परवानाबंद राहिले. वेल्समध्ये १८८१ च्या कायद्याने पब रविवारी बंद ठेवले गेले. १९६१ नंतर दर सात वर्षांनी तिथल्या जिल्ह्यांत या प्रश्नावर मतदान होत राहिले आणि ड्वायफोर या जिल्ह्याने ही रविवारची बंदी अगदी १९९६ पर्यंत टिकवली. तेव्हा तिकडच्या समाजाने दारूचा प्रश्न कधी पाहिलाच नाही असे समजू नका.

मात्र पब म्हणजे निव्वळ दारूचे दुकान नव्हे. घराबाहेर, कोणाचेही आमंत्रण नसताना, एका ग्लासाच्या पैशांत संध्याकाळभर बसता येईल अशी ती गावातली खोली असते. तिचे जुने रूप डोळ्यांसमोर आणायचे तर गेल्या शतकाच्या पूर्वार्धातला एखादा औद्योगिक शहरातला पब घ्यावा. रस्त्यावरून आत जायला दोन दारे असत. एक दार ‘पब्लिक बार’मध्ये उघडे, तिथे उघडी लाकडी जमीन, भिंतीलगत बाके, डार्टची तबकडी, आणि कामाच्या कपड्यांतच आलेले मजूर. दुसरे दार ‘सलून बार’चे, तिथे गालिचा, गादीच्या खुर्च्या, आणि तीच बिअर थोड्या जास्त किमतीला. काही ठिकाणी या दोहोंखेरीज ‘स्नग’ नावाची अगदी छोटी खोली असे, तिला अर्धपारदर्शक काचा आणि ग्लास आत देण्यापुरती स्वतंत्र खिडकी असे. म्हाताऱ्या बायका, किंवा ज्यांना कोणाच्या नजरेस पडायचे नसे ते, तिथे बसत. साठ-सत्तरच्या दशकांत यांतल्या बहुतेक भिंती पाडून एकच मोठी खोली करण्याची लाट आली, कारण एकाच काउंटरवरून सगळीकडे लक्ष ठेवता येते आणि नोकर कमी लागतात. आज आपण ज्याला ‘जुना पब’ म्हणतो त्याच्या आतला बराचसा भाग असा त्यानंतरचा असतो.

वेळांचेही तसेच आहे. दुपारी पब बंद ठेवण्याची जी पद्धत पुढे फार प्राचीन वाटू लागली ती पहिल्या महायुद्धात, दारूगोळ्याच्या कारखान्यांतले कामगार शुद्धीवर राहावेत म्हणून लादली गेली होती, आणि इंग्लंड-वेल्समध्ये ती १९८८ पर्यंत टिकली. पबचे रूप कायद्याने, कराने आणि मालकीने सतत घडवले आहे. ते मुळात अचल होते आणि आताच बिघडले, असे म्हणता येत नाही.

आता बंद पडण्याच्या कारणांकडे येतो. २००० साली ब्रिटनमध्ये सुमारे ६० हजार पब होते, ते आता ४५ हजारांच्या आसपास आले आहेत. सुपरमार्केटमधली स्वस्त बिअर, २००८ पासून पाच वर्षे महागाईपेक्षाही वेगाने वाढवला गेलेला बिअरवरचा कर, २००७ मध्ये इंग्लंडमध्ये आलेली धूम्रपानबंदी, कोविडमधली टाळेबंदी, विजेची बिले ही कारणे नेहमी सांगितली जातात आणि ती खोटी नाहीत. धूम्रपानबंदीबद्दल तर मी असेच म्हणेन की, तिने काही पब बंद पाडले असतील, तरी काउंटरमागे रोज आठ-आठ तास दुसऱ्यांचा धूर गिळणाऱ्या नोकरांचा विचार करता ती यायलाच हवी होती. परंतु या सगळ्यांच्या खाली मालकीचे एक कारण आहे आणि त्याकडे पुरेसे लक्ष जात नाही.

इंग्लंडमधले बहुसंख्य पब पूर्वी बिअर बनवणाऱ्या ब्रुअरींच्या मालकीचे असत. चालक हा भाडेकरू. त्याने बिअर मालक ब्रुअरीकडूनच विकत घ्यायची, आणि तीही ब्रुअरी सांगेल त्या दराने, असा करार असे. त्या बदल्यात इमारतीचे भाडे कमी असे. म्हणजे मालकाचा फायदा काही भाड्यातून आणि काही पिंपांतून वसूल होई. यात पिळवणूक होती, पण एक गोष्ट चालकाच्या बाजूची होती : ब्रुअरीला बिअर खपवायची होती, त्यामुळे पब चालू राहण्यात तिचे हित होते. सहा बड्या ब्रुअरींची ही मक्तेदारी मोडण्यासाठी सरकारने १९८९ मध्ये आदेश काढला की, ज्यांच्याकडे दोन हजारांहून अधिक पब आहेत त्यांनी दोन हजारांच्या वरच्या पबांपैकी निम्मे विकावेत किंवा बिअरच्या करारातून मोकळे करावेत. हेतू चांगला होता. घडले असे की ब्रुअरींनी हजारो पब विकले, आणि ते स्वतः बिअर न बनवणाऱ्या, केवळ पबांची मालमत्ता बाळगणाऱ्या नव्या कंपन्यांनी घेतले. त्यांनी प्रचंड कर्जे काढून पब खरेदी केले आणि ती फेडण्यासाठी भाडेही वाढवले व बिअरचे दरही. २००८ च्या आर्थिक संकटानंतर कर्जाचा बोजा असह्य झाला तेव्हा त्यांनी हजारो पब विकायला काढले. पबपेक्षा त्याखालची जागा सदनिकांसाठी किंवा छोट्या सुपरमार्केटसाठी अधिक मोलाची असेल, तर विकणारा जागेचाच भाव लावणार. रोज भरणारा, नफ्यात चालणारा पबसुद्धा यामुळे बंद होऊ शकतो, आणि तसे झालेलेही आहे.

लंडनच्या मेडा व्हेल भागातले एक उदाहरण थोडे तपशिलाने सांगण्यासारखे आहे. कार्लटन टॅव्हर्न हा १९२० च्या सुमारास विटांनी बांधलेला कोपऱ्यावरचा पब. दुसऱ्या महायुद्धातल्या बॉम्बवर्षावातून तो वाचला होता. २०१५ मध्ये तो पाडून सदनिका बांधण्याची परवानगी पालिकेने नाकारली. संरक्षित इमारतींच्या यादीत त्याचे नाव घालण्याचा विचार चालू होता. त्याच वर्षी ईस्टरच्या सुमारास मालमोजणीसाठी पब बंद ठेवायचा आहे असे सांगून नोकरांना सुटी देण्यात आली, आणि त्या आठवड्यात बुलडोझर लावून इमारत भुईसपाट करण्यात आली. परिसरातले लोक भांडले. पालिकेने आदेश दिला की इमारत होती तशी, वीट न् वीट, पुन्हा उभी करा. चौकशीत हा आदेश कायम राहिला, आणि एप्रिल २०२१ मध्ये पब पुन्हा उघडला. इमारतीच्या बारीकसारीक नोंदी आधीच घेतल्या गेल्या होत्या म्हणून हे शक्य झाले. मधल्या काळात, २०१७ मध्ये, इंग्लंडमध्ये नियमही बदलला : त्याआधी पबचे दुकान करायला बहुतेक वेळा नियोजन परवानगीची गरजच नव्हती, आता पाडायला किंवा वापर बदलायला ती लागते. ही सुधारणा फार उशिरा झाली, असे माझे स्पष्ट मत आहे.

गावाने पब विकत घेण्याची वाट काही नवी नाही. कंब्रियातल्या हेस्केट न्यूमार्केट गावच्या लोकांनी २००३ मध्ये तिथला ओल्ड क्राउन सहकारी तत्त्वावर घेतला. पुढे २०११ च्या कायद्याने स्थानिक लोकांना एखादी इमारत ‘समाजोपयोगी मालमत्ता’ म्हणून नोंदवण्याचा हक्क मिळाला. अशी इमारत विकायला निघाली तर रहिवाशांना पैसे उभे करण्यासाठी सहा महिन्यांची मुदत मागता येते. लंडनमधल्या नन्हेड भागातला आयव्ही हाउस असाच वाचला. सहकाराच्या भूमीत राहणाऱ्या सांगलीकरांना ही रीत परकी वाटू नये. जावयांना एवढेच सांगा की अशा संस्थेत भाग कितीही घेतले तरी मत एकच असते, भाग बाजारात विकता येत नाहीत आणि परतावा मिळालाच तर थोडा मिळतो. पैसे परत येण्याच्या हिशेबाने घालायचे असतील तर ते घालू नयेत. गावासाठी घालायचे असतील तर इमारतीची दुरुस्ती किती निघणार आणि पब चालवणार कोण, हे दोन प्रश्न सभेत आधी विचारावेत. असे पब दारूच्या जोरावर टिकत नाहीत. जिथे पबातच टपाल कार्यालयाची खिडकी, किराणा, दुपारचे जेवण असे काही जोडले गेले तिथे ते धरून राहिले आहेत.

प्रश्न : मी बर्मिंगहॅमजवळ राहते. आमच्या भागातला एक जुना पब आता पंजाबी कुटुंब चालवते. तिथे तंदूर आहे, भांगड्याची गाणी लागतात. माझे एक इंग्रज सहकारी म्हणतात की असा पब पब उरलाच नाही. मला त्यांना काय उत्तर द्यावे ते सुचले नाही. (एक वाचिका, वेस्ट मिडलंड्स)

उत्तर : त्यांना स्मेदिकचा इतिहास सांगा. तुमच्यापासून ते लांब नाही. पन्नास-साठच्या दशकांत तिथल्या ओतशाळांत पंजाबातून आलेले कामगार भट्टीसमोर राबत, आणि पाळी संपल्यावर तहान भागवायला गेले की अनेक पबांत त्यांना ‘स्मोक रूम’ या बऱ्यापैकी खोलीत ग्लास मिळत नसे; मिळाला तर पब्लिक बारमध्ये. इंडियन वर्कर्स असोसिएशनचे अवतारसिंग जौहल आणि त्यांचे सहकारी या वर्णभेदाविरुद्ध लढत होते. १२ फेब्रुवारी १९६५ रोजी अमेरिकेतले कृष्णवर्णीयांचे नेते माल्कम एक्स स्मेदिकला आले, तेव्हा जौहल त्यांना ब्लू गेट्स या पबात घेऊन गेले आणि तिथल्या स्मोक रूममध्ये त्यांनाही नकार मिळाला. पुढे नऊच दिवसांनी न्यूयॉर्कमध्ये माल्कम एक्स यांची हत्या झाली. त्याच वर्षी संमत झालेल्या वंशसंबंध कायद्याने सार्वजनिक ठिकाणी असा नकार देणे बेकायदा ठरवले.

ओतशाळा बंद पडत गेल्या, जुने गिऱ्हाईक पांगले, आणि कोणी घ्यायला तयार नसलेले पब याच पंजाबी लोकांनी चालवायला घेतले. वेस्ट ब्रॉमिचचा व्हाइन किंवा स्मेदिकचा आयव्ही बुश इथे आज जाऊन पाहा : चरचरणाऱ्या तव्यावर कांद्याच्या थरावर मांडलेली तंदुरी कोंबडी, सीख कबाब आणि चॉपची थाळी येते, आणि ती मधे ठेवून गोरी, काळी, सावळी माणसे फुटबॉलचा सामना पाहत असतात. शेजारचे लोक एकत्र येऊन बसतात, भांडतात, एकमेकांची खबरबात घेतात, हे पबचे जे काम, ते इथे चोख चालले आहे. जुन्या पबची हळहळ मलाही वाटते, पण तो सर्वांचा होता असे म्हणणे ज्यांना दारातून परत पाठवले त्यांच्यावर अन्याय करणारे आहे. तुमच्या सहकाऱ्यांना एकदा थाळी खायला बरोबर घेऊन जा.

प्रश्न : पुढच्या महिन्यात माझे आई-बाबा पुण्याहून लंडनला येत आहेत. दोघेही मद्य घेत नाहीत, पण बाबांना ‘खरा इंग्रजी पब’ पाहायचा आहे. त्यांना तिथे अवघडल्यासारखे होईल का? (एक वाचक, हाउन्स्लो)

उत्तर : खुशाल न्या. तुमच्या आईंना काउंटरपाशी उभे राहायला आज कोणी हरकत घेणार नाही, परंतु हेही आपोआप आलेले नाही. लंडनच्या फ्लीट स्ट्रीटवरच्या एल व्हिनो या प्रसिद्ध वाइन बारमध्ये स्त्रियांना काउंटरवर वाइन देत नसत, त्यांनी मागच्या खोलीतल्या टेबलावरच बसावे असा दंडक होता. तो बेकायदा आहे असा निकाल अपील न्यायालयाने १९८२ मध्ये दिला तेव्हा कुठे तो मोडला.

१९९१ मध्ये क्लार्कनवेल भागातल्या ईगल या पबने उत्तम स्वयंपाकावर भर देण्याची जी रीत पाडली, तिच्यानंतर पबमध्ये जेवायला येणारी कुटुंबे ही सर्वसाधारण गोष्ट झाली आहे. काही पब आता इतके उपाहारगृहासारखे झाले आहेत की नुसते बसायला आलेल्याला जागाच मिळत नाही. बाबांना खरा पब पाहायचा असेल तर प्रत्येक टेबलावर काटे-सुऱ्या मांडलेला पब टाळा. आठवड्याच्या मधल्या एखाद्या दिवशी दुपारी चारच्या सुमारास जा, तेव्हा गर्दी नसते आणि काउंटरवरचे बिअर ओढण्याचे हातपंप जवळून बघता येतात. वाढपी टेबलापाशी येईल याची वाट पाहत बसू नका, काउंटरवर जाऊन मागवायचे आणि बहुतेक ठिकाणी पैसे तिथेच द्यायचे. लिंबू घातलेला सोडा, सफरचंदाचा रस किंवा चहा मागितला तरी कोणी वळून पाहत नाही. शाकाहारी असतील तर चिप्स कशात तळल्या आहेत ते मात्र आधी विचारा, कारण काही जुन्या पबांत अजूनही त्यासाठी गाईची चरबी वापरतात.