भारतीय पासपोर्टवर लिस्बन आणि स्विंडन: एकच व्हिसा पुरेल का?

आपण विचारले आहे की, आपण दोघे पती-पत्नी मे महिन्यात फोंड्याहून लिस्बनला भाच्याकडे, तेथून आठवडाभर इंग्लंडमध्ये स्विंडनला बहिणीकडे आणि पुन्हा लिस्बनला येऊन गोव्याला परतणार आहात. दोघांचेही पासपोर्ट भारतीय आहेत, तर पोर्तुगालच्या व्हिसावर भागेल का. भागणार नाही. गोव्यातील कितीतरी घरांची माणसे याच दोन शहरांत असल्यामुळे हा प्रश्न अनेकांना पडतो, म्हणून सविस्तर लिहितो.

पोर्तुगाल शेंगेन क्षेत्रातील, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपातील २९ देशांपैकी एक आहे आणि युनायटेड किंग्डम त्या क्षेत्रात कधीच नव्हते. त्यामुळे स्विंडनसाठी ब्रिटनचा वेगळा व्हिजिटर व्हिसा काढावा लागेल. एवढे बहुतेकांना माहीत असते. नजरेतून सुटते ती पुढची गोष्ट. पोर्तुगाल देतो त्या शेंगेन व्हिसाच्या स्टिकरवर पासून–पर्यंतच्या तारखांखेरीज किती वेळा प्रवेश करता येईल आणि किती दिवस राहता येईल, हेही छापलेले असते. प्रवेशांच्या रकान्यात ०१ असेल, तर लंडनला जाण्यासाठी लिस्बन विमानतळावरून बाहेर पडल्याची नोंद होताच तो व्हिसा संपतो, मग मुदतीचे आणि मुक्कामाचे कितीही दिवस शिल्लक असोत. परतीच्या विमानासाठी लिस्बनला यायचे म्हटले, तर दुसरा प्रवेश मिळणार नाही.

अर्जात एकाहून अधिक प्रवेश मागता येतात आणि मागताना सोबत प्रवासाचा आराखडा जोडावा. परंतु किती प्रवेश द्यायचे हे शेवटी वाणिज्य दूतावासच ठरवतो. म्हणून माझे स्पष्ट मत असे की क्रमच बदलावा: आधी थेट इंग्लंडला जावे, तेथून लिस्बनला आणि लिस्बनहून घरी. मग एक प्रवेश पुरतो. पासपोर्ट सहसा अर्जासोबत ठेवून घेतला जात असल्याने दोन्ही अर्ज एकामागून एक करावे लागतील. ब्रिटनचा अर्ज प्रवासाच्या जास्तीत जास्त ३ महिने आधी करता येतो आणि निर्णयाला साधारण ३ आठवडे लागतात; शेंगेनचा अर्ज ६ महिने आधीपासून १५ दिवस आधीपर्यंत चालतो, निर्णय एरवी १५ दिवसांत होतो, पण चौकशी निघाल्यास ४५ दिवसही लागू शकतात. मेच्या अखेरीस निघायचे असेल, तर फेब्रुवारीच्या अखेरीस ब्रिटनचा अर्ज करून पासपोर्ट हाती येताच पोर्तुगालचा करावा.

पोर्तुगालचा वाणिज्य दूतावास पणजीतच आल्तिनोवर असल्यामुळे गोवेकरांना त्यासाठी मुंबई गाठावी लागत नाही. पासपोर्ट गेल्या १० वर्षांत काढलेला, शेंगेन क्षेत्र सोडण्याच्या दिवसानंतर किमान ३ महिने वैध आणि दोन कोरी पाने असलेला हवा. प्रवास विमा किमान ३०,००० युरोंचा आणि सगळ्या शेंगेन देशांत चालणारा हवा. प्रौढांचे शुल्क जून २०२४ पासून ९० युरो आहे आणि व्हिसा नाकारला तरी ते परत मिळत नाही.

भाचा पोर्तुगीज नागरिक किंवा तेथील कायदेशीर रहिवासी असेल, तर आपल्या राहण्या-जेवण्याची हमी घेणारा, 'तेर्मू द रिस्पॉन्साबिलिदाद' नावाचा कागद तो सही करून पाठवू शकतो. तो जरूर मागवा, मात्र त्याच्यावर विसंबून राहू नका. आपण परत येणार, हे अधिकाऱ्याला पटावे लागते. त्यासाठी नोकरीचे किंवा पेन्शनचे कागद, घराची कागदपत्रे आणि बँकेचे नियमित व्यवहार दाखवणारे स्टेटमेंट अधिक उपयोगी पडते. आपल्याकडे आणखी एक अडचण येते. जुन्या जन्मदाखल्यात किंवा विवाहनोंदणीत आडनावाचे रोमन स्पेलिंग पोर्तुगीज वळणाचे असते आणि पासपोर्टवर आजचे. अर्ज, विमा, तिकीट आणि भाच्याचे हमीपत्र या सर्वांवर पासपोर्टवरचेच स्पेलिंग अक्षरशः उतरवावे.

व्हिसा मिळाला म्हणजे प्रवेश मिळालाच, असे नसते. सीमेवरील अधिकारी राहण्याचा पत्ता, परतीचे तिकीट आणि पैशांची सोय पुन्हा विचारू शकतो, म्हणून ही कागदपत्रे हातातल्या बॅगेत ठेवावीत.

मे महिना म्हणजे मानकुराद आंब्यांचा हंगाम, म्हणून सामानाबद्दलही सांगतो. युरोपीय संघात बाहेरून येणाऱ्या प्रवाशाला मांस आणि दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत. चोरीस (गोव्याचे मांसाचे सॉसेज), पेढे, घरचे तूप हे सगळे त्यात आले. ताज्या फळांना वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागते, त्यामुळे आंबे जप्त होतात. अननस, नारळ, केळी, खजूर आणि ड्युरियन या पाच फळांना तेवढी सूट आहे, तेव्हा भाच्यासाठी नारळ बिनधास्त न्या.