फोटो काचेला चिकटलाय, काढू का?

प्रश्न : आमच्या आजेसासऱ्यांचा फोटो आहे, निजामाच्या काळात हैदराबादला काढलेला. माळवदाचं घर पाडून आरसीसी बांधायलोत म्हणून खाली उतरवला, तर मागं चिमण्यांचं घरटं, आन फोटो एका बाजूनं काचेला चिकटलेला. फोटोवाला म्हणायलाय वाफ देऊन काढतो. तिघी नणंदांना कॉपी पाहिजे. देऊ का त्याच्याकडं? (एक वाचक, सेलू)

उत्तर : नका देऊ ताई. त्या काळच्या ब्लॅक अँड व्हाइट फोटोत कागदावर जिलेटिनचा थर असतो आणि चांदीचे बारीक कण त्या थरातच असतात, म्हणजे चित्र कागदात नसतंच, वरच्या थरात असतं. पावसाळ्यात फ्रेममध्ये ओल शिरली की जिलेटिन मऊ पडून काचेला धरतं, मग वाळलं तरी सोडत नाही. ओढलं की कागद हातात आणि चेहरा काचेवर! आमच्या आजीचा फोटो मीच असा काढला होता, शहाणपणा करून, आता तिच्या कपाळावर कुंकवाच्या जागी नुसता पांढरा कागद दिसतो.

काचेसकटच कॉपी करा. चौकटीचे खिळे हळूच काढून काच आणि फोटो एकत्रच बाहेर घ्या, काचेवर पाणी मारायचं नाही, कापड किंचित ओलं करून वरून पुसायचं. स्कॅनर असेल तर ६०० डीपीआयवर (म्हणजे एका इंचात ६०० ठिपके) स्कॅन करून टिफ फाईल ठेवा, त्यात फोटोचा दर्जा घटत नाही. नसेल तर मोबाईल चालतो, फ्लॅश बंद, उन्हात नको, ओसरीत काढा, मोबाईल फोटोच्या बरोबर समोर धरा, तिरपा नको, आणि काचेत तुमचंच तोंड दिसायला लागलं तर काळ्या ओढणीला लेन्सएवढं भोक पाडून ती मोबाईलपुढं धरा. (जुनी ओढणी घ्या.) नणंदांना व्हॉट्सअ‍ॅपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नुसता फोटो म्हणून टाकला की तो बारीक होऊन जातो. आणि ते चेहरा क्लिअर करणारं अ‍ॅप घरात कुणी वापरणार असेल तर मूळ स्कॅन वेगळा ठेवा, कारण अ‍ॅप डोळे-नाक स्वतःच्या मनानं भरतं आणि आजेसासऱ्यांच्या पगडीखाली भलताच माणूस बसतो.

मागची बाजू बघितली का? मागचा पुठ्ठा फेकू नका, त्याचाही फोटो काढा. निजामाचा कारभार उर्दूत चालायचा, तेव्हा स्टुडिओचा शिक्का, पेन्सिलीनं लिहिलेलं नाव-साल उर्दूत असू शकतं, गावात उर्दू वाचणारं कुणी असेल तर त्यांच्याकडून वाचून घ्या.

आता हार, हळदी-कुंकू, उदबत्तीचा धूर काय ते कॉपीला. मूळ फोटो काचेसकट सुती कापडात गुंडाळून लोखंडी कपाटात आडवा ठेवा, प्लास्टिकच्या पिशवीत अजिबात नको, ओल आत कोंडते. आणि नव्या घरात कॉपीसुद्धा लगेच टांगू नका, नवं प्लास्टर कितीतरी दिवस ओल सोडत राहतं.