डिपॉझिट अडकलंय? आधी तारीख बघा

इंदूरला सुदामा नगरात भाड्याने राहून पुण्याला गेलेल्या एका वाचकांचं पत्र आहे. डिपॉझिट 60,000 रुपये. चावी 31 ऑगस्ट 2023 ला दिली. मालक फोनवर ‘दिवाळीनंतर देतो’ म्हणत राहिले, आणि आता रंगकामाचे 22,000 कापणार म्हणतात. पोलिसांत जावं का, असं वाचकांनी विचारलंय. नावं बदलून हेच पत्र मला वारंवार येतं.

पोलीस बहुधा दिवाणी मामला म्हणून परत पाठवतील. डिपॉझिट किती घ्यावं यावरही तुम्ही पत्रात पानभर लिहिलंय. 2021 च्या मॉडेल टेनन्सी अ‍ॅक्टमध्ये राहत्या घराला दोन महिन्यांच्या भाड्याची मर्यादा आहे खरी, पण तो केंद्राचा नमुना आहे. राज्याने स्वीकारल्याशिवाय लागू होत नाही, आणि तुमचं घोडं तिथे अडलेलंही नाही.

अडलंय ते मुदतीत, म्हणजे दावा कधीपर्यंत करता येतो त्यात. वसुलीच्या दाव्याला मुदत कायदा, 1963 प्रमाणे तीन वर्षं मिळतात. तुमच्या किरायानाम्यात ‘घर सोडल्यापासून 30 दिवसांत परत’ असं कलम आहे, म्हणून मोजणी सप्टेंबर 2023 अखेरपासून धरता येईल. तरी तो महिना हिशेबात घेऊ नका. 31 ऑगस्ट 2026 च्या आत दावा दाखल झालाच पाहिजे. अपिलाला उशीर झाला तर माफी मागता येते, दाव्याला ती सोय नाही. मालकांनी मुदतीचा मुद्दा काढला नाही, तरी कोर्टाला तो दावा फेटाळावाच लागतो.

नोटीस जरूर पाठवा, पण नोटिशीने मुदत थांबत नाही. फोनवरच्या आश्वासनानेही नाही. एवढी वर्षं तुम्ही त्यांच्याकडून एक ओळ लिहून घेतली नाहीत, याचा मला खरंच राग येतो. मुदत संपण्याआधी त्यांनी देणं लेखी, सहीनिशी कबूल केलं असतं, तर तेव्हापासून नवी तीन वर्षं मिळाली असती. मध्ये त्यांनी यूपीआयने 5,000 पाठवले, त्याचा आणि व्हॉट्सअ‍ॅपवरच्या मजकुराचा फायदा मिळेल की नाही, हे कोर्टावर आहे. त्यावर विसंबू नका.

रंगाचं म्हणाल, तर रोजच्या वापराने झालेली झीज भाडेकरूच्या माथी मारता येत नाही. मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम 108 तेच सांगतं. भिंत फोडली असेल तर गोष्ट वेगळी. चावी देतानाचे फोटो नसले तर इथे थोडी तडजोड करावी लागेल.

करार लेखी आहे, रक्कम ठरलेली आहे, म्हणून दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर 37 खाली समरी दावा, म्हणजे झटपट चालणारा दावा, बसू शकतो. इंदूरच्या वकिलाला मूळ किरायानामा दाखवून विचारा. लोकअदालतीत तडजोड झाली तर उत्तमच, पण तिची वाट बघत दावा लांबवू नका. नोटिशीत पंधरा दिवस द्या आणि सोळाव्या दिवशी दाव्याचे कागद तयार असू द्या.