उभयचर युद्धनौकेच्या पोटात गोदी कशासाठी?

प्रश्न : उभयचर युद्धनौकेवर (सैन्य आणि वाहने समुद्रातून किनाऱ्यावर उतरवणाऱ्या नौकेवर) हेलिकॉप्टरे असतातच, तर मग तिच्या पोटात समुद्राचे पाणी घेणारी गोदी बांधण्याचा खटाटोप का करतात? त्या जागेत जास्त विमाने मावणार नाहीत का?

उत्तर : आपण म्हणता तसा प्रयोग अमेरिकी नौदलाने करून पाहिला आहे. २०१४ साली सेवेत आलेली ‘अमेरिका’ आणि २०२० सालची ‘त्रिपोली’ या दोन नौका गोदीविना बांधून विमानांचे हँगर, दुरुस्तीची जागा आणि इंधनसाठा वाढवण्यात आला. मात्र याच वर्गातील तिसऱ्या ‘बोगनव्हिल’च्या आराखड्यात गोदी परत आली. कारण उघड आहे : सीएच-५३के हे अवजड हेलिकॉप्टर सुमारे १६ टन भार उचलते, तर एब्रम्स रणगाडा ६० टनांहून जड असतो. तो किनाऱ्यावर न्यायचा तर लँडिंग क्राफ्टच, म्हणजे नौकेतून किनाऱ्यावर वाहने पोहोचवणारे छोटे जलयानच, हवे.

हे क्राफ्ट बाहेर काढण्याची रीत पाहण्याजोगी असते. बॅलास्ट टाक्यांत हजारो टन पाणी भरून नौकेचा मागचा भाग मुद्दाम खाली बसवतात, मागचे प्रचंड दार उघडते आणि कोरड्या गोदीत समुद्र शिरतो. आत-बाहेर करताना क्राफ्ट आदळले तरी पोलादाला इजा होऊ नये म्हणून अमेरिकी नौकांत गोदीच्या भिंतींना लाकडी फळ्या मारलेल्या असतात. आराखडा करणाऱ्याची खरी कसोटी इथेच लागते. परातीत पाणी घेऊन चालताना ते जसे एकदम एका कडेला धावते, तसेच गोदीतले मोकळे पाणी लाटेबरोबर सरकते आणि नौकेचा तोल कमी करते. त्यात वरच्या डेकवर विमानांचे वजन असते, आणि त्या डेकला सरळ खाली उतरणाऱ्या एफ-३५बी या लढाऊ जेट विमानाच्या झोताचा दाहही सोसावा लागतो.

माझ्या मते या नौकांच्या बाबतीत सर्वांत कमी बोलले जाते ते आगीच्या धोक्याबद्दल. वाहने सहज फिरावीत म्हणून आत प्रशस्त, सलग कप्पे आणि उतार ठेवावे लागतात, आणि धूर व ज्वाळांनाही तीच वाट मोकळी मिळते. जुलै २०२० मध्ये सॅन डिएगो येथे दुरुस्तीसाठी उभ्या असलेल्या ‘बॉनम रिचर्ड’ या नौकेवर खालच्या वाहनकक्षातच आग लागली, ती चार दिवसांहून अधिक काळ धुमसत राहिली आणि शेवटी ती नौका भंगारात काढावी लागली.