‘लाइव्ह’ म्हणजे किती मिनिटांपूर्वीचं?

प्रश्न : हवामान रडारला आकाश एकदा धुंडाळायला किती वेळ लागतो?
अमेरिकेतल्या नेहमीच्या डॉप्लर (म्हणजे पावसासोबत वाऱ्याचा वेगही मोजणाऱ्या) रडारला वादळी हवेत साधारण 4 ते 6 मिनिटं.

प्रश्न : मग रडारची ती फिरती तबकडीच जोरात का फिरवत नाहीत?
जोरात फिरवली की प्रत्येक दिशेला रेडिओ लहरींची कमी स्पंदनं जातात आणि वाऱ्याचा वेग मोजताना घोळ होतो. त्यावरचा उपाय म्हणजे फेज्ड ॲरे रडार. अनेक छोट्या ॲन्टेनांच्या लहरी पुढे-मागे करून त्यात तबकडी न फिरवता किरण वळवतात, तोही क्षणात. ओसाका विद्यापीठात 2012 मध्ये बसवलेलं असं रडार 10 ते 30 सेकंदांत फेरी उरकायचं.

प्रश्न : पाच मिनिटांनी असं काय बिघडतं?
गारांचा गाभा ढगात उंचावर तयार होतो आणि काही मिनिटांत वाऱ्याच्या झोतासकट खाली आदळतो. संथ रडारला तो एकदा वर दिसतो, पुढच्या वेळी जमिनीवर. वेगवान रडारला तो उतरताना दिसतो, आणि इशारा तेव्हाच द्यायचा असतो.

प्रश्न : माझ्या ॲपवर रडार ‘लाइव्ह’ दिसतं. ते पाहून बाहेर पडावं का?
नाही! हा प्रश्न दर हंगामात येतो आणि दर वेळी माझं डोकं फिरतं. रडारची फेरी व्हायची, अनेक रडारांची चित्रं जोडायची, ती सर्व्हरवर चढायची, मग तुमच्या हातात. कोपऱ्यातली वेळ बहुधा चित्र तयार झाल्याची असते, मोजणीची नव्हे. अमेरिकेच्या अपघात तपास मंडळानं 2012 मध्ये वैमानिकांना बजावलं होतं, की कॉकपिटमधलं रडारचित्र दाखवलेल्या वयाहून 15 ते 20 मिनिटं जुनं असू शकतं. तिथे ही गत, तर फुकटच्या ॲपचं काय सांगावं? वर ते दोन चित्रांमधली जागा अंदाजानं भरून ढग लोण्यासारखे सरकवतात. लोक त्या गुळगुळीतपणाला अचूकपणा समजतात! आणि फॉरवर्ड झालेला स्क्रीनशॉट तर उघडूच नका. हवामान खात्याचा इशारा वाचा, आत जा.

प्रश्न : वेगवान रडारमुळे खोटे इशारे थांबतील?
नाही. कमी होण्याची आशा आहे.

प्रश्न : रडार आमच्यापासून 100 किलोमीटरवर आहे. चालेल?
क्षितिजापासून अर्धा अंश वर सोडलेला किरण तिथे जमिनीपासून सुमारे दीड किलोमीटर वर असतो. त्याखालचं त्याला दिसत नाही, फेरी कितीही झटपट असो. तुमच्या भागात दुसरं रडार पोचतं का, हे हवामान केंद्रालाच विचारा, आणि वादळ यायच्या आधी विचारा.