मालवणजवळच्या देवबागला पहिल्यांदाच निघालास ना?

भावा, देवबाग म्हणजे एका अंगाला कर्ली नदी, दुसऱ्या अंगाला समुद्र आणि मधे जमिनीची चिंचोळी पट्टी. पावसाळ्यात वॉटर स्पोर्ट्स बंद असतात. डिसेंबर-जानेवारीत जा, पाणी त्यातल्या त्यात नितळ मिळतं.

स्कुबाचं, म्हणजे पाठीवर हवेची टाकी लावून पाण्याखाली जायचं, मात्र नीट ध्यानात ठेव. पंचगंगेत बुडी मारताना आपल्याला श्वास रोखायची सवय लागलेली असते. इथं श्वास कधीच रोखायचा नाही. कानात दडा बसतोय वाटलं की लगेच नाक चिमटीत धरून हळूच फुंकर मार, दुखेपर्यंत थांबू नकोस. सर्दी असेल तर उतरूच नकोस. आणि पाण्याखाली अंगठा वर करून दाखवायचा नाही! त्याचा अर्थ ‘वर चला’. माझ्या भाच्यानं खुशीत अंगठा दाखवला, गाईडनं त्याला लगेच वर आणलं. पोरगं किती हिरमुसलं!

मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ सालचं. तिथलं प्रवाळ जिवंत असतं, हात लावू नकोस. डॉल्फिन दिसले तर होडीवाल्याला पाठलाग करू देऊ नकोस.

डाइव्ह झाल्यावर त्याच संध्याकाळी गगनबावड्याचा घाट चढायची घाई नको. कोल्हापूर साधारण ५५० मीटर उंचीवर आहे, डाइव्हनंतर लगेच एवढं वर येणं शरीराला बरं नव्हे. एक मुक्काम वाढव.